अक्का पाय मागते

दुपारची जेवणं उरकली की गडहिंग्लजच्या त्या गल्लीत कुणी कुणाच्या दारात जात नाही. भट्टीचा धूर तेवढा जातो, कारण त्याला कुणी रीत शिकवलेली नाही. महादेवी सोप्यातल्या, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतल्या, कॉटवर आडवी झाली आहे. आडवी म्हणायचं इतकंच. पाठीशी उशांची चळत आहे आणि तिला टेकून ती जवळजवळ बसलेलीच आहे. सपाट पडलं की छातीवर कुणी पोतं टाकल्यासारखं होतं. हे तिने घरात कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं तर "मान धरलीया" म्हणते. मानेचं दुखणं सभ्य असतं, त्यासाठी कुणी कोल्हापूरला नेत नाही.

उशाशी ऑक्सिजनचं मशीन उभं आहे. त्यावर क्रोशाने विणलेलं झाकण आणि झाकणावर प्लास्टिकच्या फुलांची परडी. पाहुण्याला वाटावं, नवं शिलाई मशीन घेतलंय. गेल्या वर्षी कोल्हापूरच्या छातीच्या डॉक्टरांनी ते घ्यायला लावलं होतं. जन्मभर चिरमुऱ्याच्या भट्टीपुढे बसून धूर आणि तूस खाल्ल्याने फुप्फुसं करपली आहेत, असं त्यांनी सांगितलं. मग छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, आता फुप्फुसापेक्षा हृदयाच्या उजव्या बाजूची काळजी आहे. नळी दिवसाचे बहुतेक तास नाकात हवी. महादेवीचा नवरा गुरुपाद सगळ्याला मान डोलवत होता. परतीच्या एसटीत त्याने शंका काढली, "काळीज डावीकडं असतंय न्हवं? ह्यो डॉक्टर उजवीकडं काय शोधालाय?" घरी पोचेपर्यंत ती शंकाच निदान ठरली.

नळी लावली, गोळ्या घेतल्या, आणि यंदाचा श्रावण सरता सरता महादेवीने अंग धरलं. छातीची हाडं मोजता येणारी बाई, तिचे गाल भरले, पोट सुटलं, पावलं गुबगुबीत झाली. गल्लीतल्या बायका दारातून हाक मारून म्हणू लागल्या, "म्हादेवी, बाळसं धरलंस की गं." इतक्या वर्षांत तिच्या रूपाबद्दल कुणी बरं बोललं नव्हतं. तिला ते आवडलं. खरं सांगायचं तर फारच आवडलं. सुजेला बाळसं समजू नये, ही म्हण तिलाही पाठ होती, पण ती म्हण माणूस शेजाऱ्याच्या श्रीमंतीवर वापरतो, स्वतःच्या पायावर नाही.

बाळसं धरल्यावर मशीनची गरज काय, म्हणून ते बंद झालं. लघवीची गोळी बंद झाली, कारण संडास परसात आणि तिथवर जाताना तीनदा भिंत धरावी लागते. जोडवी बोटांत रुतायला लागली तेव्हा ती साबण लावून काढली आणि उजळायला दिलीत असं सांगितलं. पावलं मात्र तिने लुगड्याच्या काठाबाहेर येऊ दिली नाहीत. बाळसंच होतं तर झाकत का होती, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिने स्वतःलाही नाही.

आज जेवताना गुरुपाद म्हणाला होता, "दिवाळीच्या चिवड्याचा माल सुरू झालाय. उद्यापासनं बसतीस न्हवं भट्टीवर?"

"बसतो की. मला काय झालंय," महादेवी म्हणाली होती. त्या मुलखात बायकाही स्वतःला असंच म्हणतात, बसतो, येतो, जातो.

सून सुवर्णा भाकरी थापता थापता थांबली. "आत्ती, त्याआधी एकदा डॉक्टरना दाखवून येऊया की."

"बाळसं दाखवाया डॉक्टर कशाला गं?"

सगळे हसले. सुवर्णा हसली नाही, पण भाकरी तव्यावर करपत होती म्हणून ती तिकडे वळली.

आता घर शांत आहे. पंखा फिरतो आहे. महादेवीच्या पापण्या जड होतात, मिटतात, श्वास अडखळला की उघडतात, पुन्हा मिटतात. पंख्याचा आवाज लांब जातो आणि त्या जागी दुसरा आवाज येतो. तापल्या वाळूत भात फुटतो तेव्हा होतो तो, तडतड आणि मग मऊ सुस्कारा. ती मनाशी म्हणते, भट्टी आज एवढी जवळ कशी. तिला डोळे उघडायचे आहेत. ते उघडेच आहेत.

कॉटच्या पायथ्याशी कस्तुरक्का बसली आहे.

कस्तुरक्का म्हणजे तिची थोरली जाऊ. एकाच भट्टीच्या दोन बाजूंना बसून दोघींनी संसार काढले, एकमेकींची तोंडं धुरातूनच पाहिली. तीन वर्षांमागे ती लिंगैक्य झाली. लिंगायतांच्या रीतीने तिला मांडी घालून बसवून पुरली होती, आणि आत्ताही ती तशीच बसली आहे, ताठ, कपाळाला विभूती. केसांत तूस आहे. श्वास मात्र ती घेत नाही, आणि महादेवीला आधी हेवा वाटतो तो त्याचा.

"अक्का, जेवलीस?" महादेवी विचारते. स्वप्नातसुद्धा माणूस रीत सोडत नाही.

"न्हाई. उपाशीच हाय मी," अक्का म्हणते. "पाय दे."

"काय?"

"पाय दे म्हादेवी. बघतो."

महादेवी लुगड्याचा काठ मुठीत धरते. तिच्या आईने लहानपणी शिकवलेलं होतं, मेलेलं माणूस सपनात काही देईल तर घ्यावं, पण मागेल तर देऊ नये. धान्य मागितलं तर घरातलं धान्य जातं, मूल मागितलं तर मूल जातं. पाय मागितला तर काय जातं हे आईने सांगितलं नव्हतं, पण ते काय सांगायला हवं? ती पाय पोटाशी घ्यायला बघते. पोट आड येतं.

"पाय न्हाई देत," ती म्हणते. "दुसरं काय पायजे ते सांग."

"दुसरं काय करू घेऊन," अक्का म्हणते, आणि वाळू हलवते.

कारण तो सोपा नाहीच. ती भट्टीच आहे. कॉट कधी गेली ते महादेवीला कळत नाही. ती आपल्या नेहमीच्या पाटावर बसली आहे, मध्ये मोठी कढई आहे, पलीकडे अक्का. कढईतली वाळू काळी आहे आणि तिच्यात फुटतोय तो भात नाही, काय आहे ते दिसत नाही. धूर धुराड्याकडे जातच नाही. तो खाली बसतो, गुडघ्याएवढा, मग मांडीएवढा. महादेवी तोंडाला पदर लावते. पदराचीही राख होते आणि बोटांना लागते.

"आठवतंय?" अक्का विचारते. "मीबी अशीच भरलो हुतो. तोंड कसं भाकरीगत गोल."

"आठवतंय की."

"समदी म्हटली, कस्तुरा बाळसं धरली. मग जास्तीच धरलं, तवा म्हटली दृष्ट लागली. तुझ्या भाऊजींनी निखाऱ्यावर मिरच्या टाकून ओवाळल्या. सोप्याची दारं लावून."

महादेवीला तो ठसका आठवतो. दम्याच्या बाईची दृष्ट काढायला मिरच्यांचा धूर करणारं घर तिचंच आहे, आणि तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. तिला स्वप्नात हसू येतं, आणि त्याच हसण्याचं रडू होतं. "अक्का, आमाला कळलंच न्हाई गं," ती म्हणते.

"मला तरी कुठं कळलं. चल, दाखवतो."

"कुठं?"

"उजवीकडं."

भट्टीच्या उजव्या भिंतीत कधीच दार नव्हतं. आता आहे, आणि ते आतून कुणीतरी ढकलल्यासारखं हलतं. ढप् करून आवाज येतो, दार फुगतं, पुन्हा बसतं. महादेवीला आत जायचं नाही. पण अक्का मांडी न मोडता पुढे सरकते आणि महादेवीचा पाट तिच्यामागे आपोआप ओढला जातो.

आत एक खोली आहे. भिंती ओल्या आणि तांबूस, गुऱ्हाळातल्या काहिलीसारख्या ऊबदार. मागच्या दाराने पोती येतात, काळपट, ठिबकणारी. मधे एक बाई पाठमोरी उभी आहे. ती पोतं उचलते, समोरच्या बोळात ढकलते, लगेच पुढचं उचलते. थांबत नाही. भिंतीपलीकडे आणखी एक खोली असावी, तिथूनही तसाच आवाज येतो, पण मोठा, सवयीचा.

"ती काळजातली डावीकडची," अक्का म्हणते. "तिचंच समदी नाव घेत्यात. ती गावभर रगताचा माल पोचीवती, डोसक्यापासनं टाचंपतूर. लई ताकदीची. आणि ही बघ. हिला हलकं काम ठरवून दिल्यालं. शेजारच्याच घरी माल न्यायचा, फुप्फुसात. चार पावलांची वाट. म्हणून हिची भिंत पातळ, अंगबी नाजूक."

"मग एवढी का दमलीया?"

"बोळ बघ की."

महादेवी बोळात वाकून बघते. दोन्ही भिंतींवर काजळी चढली आहे, थरावर थर. फांद्यासारखे फुटलेले आणखी बोळ आहेत, कितीतरी लिंपून बंद झालेले आणि उरलेले आखडलेले. जिथं हवा नाही तिथला बोळ आपण होऊनच मिटतो, ती बघत असतानाच एक मिटतो, पापणीसारखा. बाई पोतं ढकलते, ते अडतं. ती खांदा लावते. पाय रोवते. ढप्.

"अरुंद बोळात तेवढाच माल घालायचा म्हंजे जोर लागतोय," अक्का म्हणते. "पयल्यांदा हिचे दंड भरले. जाड झाली. बघणाऱ्याला वाटलं, वा, कमावली. तिनंबी बाळसंच धरलं म्हण की."

"आणि आता?"

अक्का बाईकडे बोट करते. बाईचे दंड जाड आहेत खरे, पण ते थरथरतात. खोली फुगून सैल झाली आहे, कोपरे गोल झाले आहेत, आणि मधली भिंत पलीकडच्या खोलीत ढकलली गेली आहे, त्यामुळे तिकडचा मोठा आवाजही मधूनच अडखळतो. बाईच्या हातून एक पोतं पुढे जाण्याऐवजी मागे येतं. मग दुसरं. मागचं दार उघडंच आहे आणि माल यायचा थांबत नाही, त्यामुळे थप्पी दाराबाहेर जाते, अंगणात जाते, दिसेनाशी होते.

"कुठवर गेली ती?" महादेवी विचारते.

"वर मानंपतूर. मधी काळजाच्या खाली, लिव्हरात. म्हणून तुला घासभर खाल्लं की पोट भरल्यागत हुतंय. आणि खाली," अक्का थांबते. "खाली बघ."

पोत्यांतून ठिबकलेलं पाणी जमिनीवर साचलं आहे. महादेवीची पावलं पाण्यात आहेत. कधीपासून, ते तिला माहीत नाही. पाणी कोमट आहे आणि हळूहळू चढतं आहे.

"ए बाई, थांब की जरा," महादेवी त्या पाठमोऱ्या बाईला म्हणते. तिची दया येते आहे, आणि भीतीही वाटते आहे, आणि दोन्हीत कुठली जास्त ते कळत नाही. "थोडं बस. दम खा."

"ती बसली की तू बसलीस," अक्का म्हणते. "मांडी घालून. माझ्याशेजारी."

बाई मान वळवत नाही, पण तिचा श्वास ऐकू येतो. आत घेताना शिटी, सोडताना कण्हणं. महादेवी आपला श्वास रोखून बघते. बाईचाही थांबतो. बोळातली आणखी एक पापणी मिटते. महादेवी घाबरून श्वास सोडते.

"हिला काय दिऊ मी?" ती विचारते. "सांग की अक्का. काय दिलं तर हिला हलकं वाटंल?"

"फुलं दे. परडी हाय की तुझ्याकडं," अक्का म्हणते. जिवंतपणीही तिची जीभ अशीच होती. "हवा दिली असतीस तर बोळ उघडलं असतं थोडं. पाणी काढलं असतंस तर पोती हलकी झाली असती. तू वर फुलं ठेवलीस. आणि उद्या परत धूर खायला निघालीस."

"माल सुरू झालाय. घरात माणूस न्हाई बसाया."

"माल माझ्या मागनंबी सुरूच हुता," अक्का म्हणते. तिच्या आवाजात राग नाही, आणि महादेवीला राग असता तर बरं वाटलं असतं.

महादेवी मागे सरते. पाठीला ओली माती लागते. खोली नाही, बाई नाही, फक्त तो आवाज उरला आहे, ढप्, मातीच्या आत कुठेतरी. वर चौकोनी आभाळ आहे. ही रुद्रभूमी आहे, लिंगायतांची पुरायची जागा, आणि ती खड्ड्याच्या तळाशी उभी आहे. समोरच्या भिंतीत कोनाडा कोरलेला, त्यात अक्का बसलेली, बेलाची पानं मांडीवर. पाणी इथेही आहे. ते महादेवीच्या घोट्यांच्या वर चढलं आहे.

अक्काच्या कोनाड्याशेजारी दुसरा कोनाडा आहे. माती अजून ओली, कुदळीच्या खुणा ताज्या. कुणीतरी तो रुंद कोरला आहे, भरल्या अंगाच्या माणसाला बसेल असा.

"ह्यो कुणाचा?" महादेवी विचारते.

"मला काय म्हाईत. मी खणलो न्हाई."

"अक्का, खरं सांग. मला न्यायला आलीयास?"

अक्का मान खाली घालते. तूस तिच्या केसांतून पाण्यात पडतं आणि बुडत नाही.

"न्यायलाच आलो हुतो," ती म्हणते. "एकटी बसून कटाळा येतोय. तुझ्यासंगं बोलायची सवय." मग ती मांडीवरची पानं बाजूला करते. "ही मांडी बघालीस? ही आपण हून बसली न्हाई. मला बसवताना पाय दुमडंनात. सुजून खांब झाल्तं. दोघांनी गुडघ्यावर जोर दिला तवा बसली. त्या दिवशी समद्यांनी माझं पाय बघितलं. मेल्यावर. तोवर लुगड्याखाली हुतं."

महादेवी त्या दिवशी बायकांत उभी होती, तिला हे ठाऊक नव्हतं. पुरुषांनी घरी येऊन सांगितलं नाही. ती तोंडावर हात ठेवते. हात ओला आहे.

"पाय दे म्हादेवी," अक्का म्हणते. ही तिसरी वेळ आहे, आणि या खेपेला ती हात पुढे करते.

आईचं सांगणं महादेवीच्या कानात आहे. मागितलं तर देऊ नये. दिला की ओढेल, आणि शेजारचा कोनाडा रुंद आहे. नाही दिला तर पाणी चढतंच आहे, नडगीपर्यंत आलं आहे, आणि ढप् आवाज आता दोनदा होऊन मधे गप्प राहतो. तिला एकाएकी वाटतं की आपण श्रावणापासून हेच करतो आहोत. सुवर्णाने पाय बघू का विचारलं, दिला नाही. नवऱ्याने तेल लावू का म्हटलं, दिला नाही. आणि कोनाडा तर तरीही खणला गेला. ती डोळे मिटून लुगड्याचा काठ वर करते आणि पाय अक्काच्या हातात देते.

अक्का ओढत नाही. ती पाऊल मांडीवर घेते, पोरीचं पाऊल घ्यावं तसं, आणि नडगीच्या हाडावर अंगठा ठेवते. अंगठा गार आहे. ती दाबते.

"दुखतंय," महादेवी म्हणते.

"दुखू दे. मांस असंल तर अंगठा काढल्या काढल्या वर येतंय. पाणी असंल तर येत न्हाई." ती आणखी दाबते, आणि अंगठा आत जातो, मळलेल्या कणकेत जातो तसा, महादेवीला वाटतं हाडाला टेकला. "आता मी काढतो. तू बघ. मी आता बघाया येणार न्हाई."

"मग कवा येशील?"

अक्का अंगठा काढते.

पंखा फिरतो आहे. महादेवीच्या घशातून असा आवाज निघतो की आतल्या खोलीत सुवर्णाच्या हातून भांडं खाली पडतं. ती उशांवरून घसरून जवळजवळ सपाट झाली आहे आणि श्वास मिळत नाही. ती कॉटची कड धरून उठते, बसते, तोंड उघडून हवा ओढते, पुन्हा ओढते. मानेच्या शिरा तटतटल्या आहेत, त्या तिला आतून कळतात. उन्हाची तिरीप पायथ्याशी पडली आहे. तिथे कुणी नाही.

लुगड्याचा काठ उजव्या गुडघ्यावर आहे आणि तो पाय उघडा. नडगीवर खड्डा आहे.

अंगठ्याएवढा, खोल, कडा मऊ. महादेवी बघत राहते. अक्का म्हणाली म्हणून ती तो भरायची वाट बघते. बाळसं असेल तर आत्ता वर येईल. ती मनातल्या मनात मल्लिकार्जुनाचं नाव घेते आणि बघते. खड्डा तसाच राहतो. तळाशी नखाची बारीक कोर उमटली आहे.

"आत्ती, काय झालं?" सुवर्णा धावत येते आणि उघडा पाय बघून दारातच थांबते. मग ती पायथ्याशी खाली बसते. "ह्ये कवापासनं हाय?"

महादेवीला बोलायला दोन श्वास लागतात. "लई दिस."

"आणि ह्ये?" सुवर्णा खड्ड्याकडे बोट करते. "कुणी दाबलं?"

महादेवी तोंड उघडते. अक्काचं नाव ओठांवर येतं. आणि तिला पुढचं सगळं दिसतं. मेलेली जाऊ आली, पाय मागितला, हिने दिला. गुरुपादला कळलं की तो देवऋषीकडे पळेल, दारं लावली जातील, निखारे आणले जातील, मिरच्या येतील. कोल्हापूरची वाट त्यानंतर.

"माझाच अंगठा हाय," ती म्हणते. "मीच दाबून बघितलं."

सुवर्णा मान हलवते. तिची नजर नखाच्या कोरीवर जाते. वरून वाकून स्वतःची नडगी दाबली तर नख पावलाच्या बाजूला रुतेल. ही कोर गुडघ्याकडे आहे, पायथ्याशी समोर बसलेल्याने दाबलं की उमटते तशी. सुवर्णा आपला अंगठा खड्ड्यावर धरते, न टेकवता, आणि लगेच मागे घेते. ती सासूच्या तोंडाकडे बघते. महादेवीचे ओठ जांभळे पडले आहेत.

महादेवी नजर खाली वळवते.

सुवर्णा उठते. झाकण ओढते, परडी कुठे पडली ते बघत नाही, मशीनचं बटण दाबते. ते घरघरत सुरू होतं. नळी ती सासूच्या नाकात बसवते, कानांमागून घेते. मग नवऱ्याला फोन लावते. "भट्टी सोडा आणि गाडी आणा. न्हाई, उद्या न्हाई. आत्ता. आत्तीला कोल्हापूरला न्यायचंय." पलीकडून काहीतरी विचारलं जातं. "बाळसं न्हवं ते," ती म्हणते. "पाणी हाय."

महादेवी हवा घेते. ती नाकातून आत जाते, गार, आणि पुढे कुठवर पोचते ते तिला कळत नाही. ती कान देते. छातीत आवाज आहे. दोन ठोके, मग काही नाही, मग एक. आत कुणीतरी अजून ढकलतं आहे.

"आत्ती, दुसरा पाय बघू?" सुवर्णा खाली बसत विचारते.

महादेवी लुगडं वर घेते आणि पाय पुढे करते. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजतो. पहिल्या पायावरचा खड्डा अजून भरलेला नाही.